स्वरशंका : ‘मिस्टी’मध्ये सा कोणता मानावा?

प्रश्न : मी आमच्या गावी खंजिरी भजनाला पेटीची साथ करतो. अमेरिकन जॅझ पियानोवादक एरोल गार्नर यांच्या ‘मिस्टी’ या रचनेच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, एका मित्राने किबोर्डवर वाजवून मोबाइलमध्ये भरून दिल्या आहेत. त्यांवर मनाने वाजवू लागलो, की दर कॉर्डला नवी सरगम शोधेपर्यंत ती कॉर्ड निघून जाते. सा नेमका कोणता मानावा? (एक वाचक, जि. यवतमाळ)

उत्तर : सा एकच माना आणि तो हलवू नका. १९५४ मधील ही रचना सहसा ई फ्लॅटमध्ये, म्हणजे आपल्या काळी दोनमध्ये वाजवतात. पहिल्या कॉर्डमध्ये सा, ग, प आणि शुद्ध नी आहेत. दुसऱ्या बारमध्ये, म्हणजे चार मात्रांच्या दुसऱ्या घरात, बी फ्लॅट मायनर सेव्हन आणि ई फ्लॅट सेव्हन या कॉर्ड येतात व दोन्हींत कोमल नी आहे. मध्यमाला घटकाभर सा मानले, तर हा कोमल नी त्याचा शुद्ध मध्यम ठरतो. म्हणूनच कान तिसऱ्या बारमधील म-ध-सा-ग या कॉर्डकडे ओढला जातो.

खरी गंमत चौथ्या बारमध्ये आहे. त्याच मध्यमावर आता मायनर कॉर्ड येते, त्यामुळे ध आणि ग दोन्ही कोमल होतात, आणि मागून येणारी डी फ्लॅट सेव्हन तो कोमल ध धरून ठेवते. पाचव्या बारला आपण मूळ कॉर्डवर परततो. या पाच बारांतून एकेक स्वर उचला : नी, कोमल नी, ध, कोमल ध, प. पेटीवर या पांढरी दोनपासून खालच्या काळी पाचपर्यंत लागून असलेल्या पाच पट्ट्या आहेत. रागात दोन्ही नी आणि दोन्ही ध असे सलग घेतले, तर गुरुजी भाता बंद करायला लावतील; येथे मात्र खालची कॉर्ड प्रत्येक स्वराला आधार देते.

लय संथ असल्यामुळे चुकलेला स्वर लपत नाही. म्हणून आधी दर बारला हा एकच स्वर लांब धरा आणि तो पक्का झाल्यावरच त्याच्या आजूबाजूला हरकती घ्या. पुढील तीन बारांत, सातव्यातील कोमल रे सोडला, तर सारे शुद्ध स्वर आहेत. मधला आठ बारांचा भाग, त्याला अंतरा म्हणा, याच कोमल नीने सुरू होतो. फक्त मध्यमावर पोहोचायला एकाऐवजी दोन बार घेतो. त्यानंतर तीव्र मध्यमावरची ए मायनर सेव्हन येते. तिला हात लावण्याची घाई करू नका.