धूळ की भुरी? मोबाइल पानाचा पोत कसा वाचतो

प्रश्न (गोराई आणि आरेतील भाजीपाला उत्पादकांकडून): काकडीच्या पानाचा फोटो काढला की मोबाइल अ‍ॅप 'भुरी' (पानावर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग) सांगते. तेच पान धुऊन दाखवले तर 'निरोगी'. अ‍ॅप बघते तरी काय? फवारणी करायची का?

उत्तर: आधी फवारणीचे. थांबा. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत बांधकामाची धूळ आणि भुरीला मानवणारी कोरडी, थंड हवा एकदमच येतात, त्यामुळे गोंधळ होणारच. मांडवाच्या दोरीवरून बोट फिरवा. तिथेही पांढरे लागले तर संशय धुळीवर. भुरी सुट्या गोल ठिपक्यांनी सुरू होते, पानाच्या खालूनही दिसते. पान धुऊन दोन-तीन दिवस लक्ष ठेवा; ठिपके पुन्हा उमटले तर भुरी.

आता अ‍ॅपचे. त्याला मिळतात ते आकडे: प्रत्येक बिंदूचा उजेड, ० ते २५५. 'लोकल बायनरी पॅटर्न' ही पोत ओळखण्याची जुनी पद्धत एकेका बिंदूचे आठ शेजारी तपासते. शेजारी तेवढाच किंवा जास्त उजळ असेल तर १, नाहीतर ०. आठ जणांचे मिळून २५६ नमुने होतात. कोणता नमुना किती वेळा आला, एवढीच मोजदाद ठेवली जाते. कुठे आला ते त्यात उरत नाही. पांढरा रवाळ थर धुळीचा असो की बुरशीचा, हिशेब सारखाच निघू शकतो.

हल्लीचे न्यूरल नेटवर्क (हजारो फोटो पाहून शिकणारा संगणकाचा प्रोग्राम) नमुने आपणच शिकते, पण पोताकडचा ओढा सुटलेला नाही. जर्मनीतील ट्युबिंगेनच्या संशोधकांनी २०१९ च्या शोधनिबंधात मांजराच्या आकृतीवर हत्तीच्या कातडीचा पोत चढवून दाखवला. नेटवर्क म्हणाले, हत्ती! लहान मूलसुद्धा मांजर म्हणाले असते.

'प्लांटव्हिलेज' या पिकांच्या रोगट-निरोगी पानांच्या संग्रहातील ५४,३०६ फोटो वापरून २०१६ मध्ये झालेल्या अभ्यासात नेटवर्क त्याच संग्रहातल्या राखून ठेवलेल्या फोटोंवर ९९.३५ टक्के बरोबर ठरले. वेगळ्या परिस्थितीतले फोटो दिले तेव्हा जेमतेम ३१ टक्के. शिवाय त्या संग्रहात काकडी नाहीच.

फोटो काढायचाच तर पान पुसून, सावलीत, कोऱ्या कागदावर ठेवून, दोन्ही बाजूंनी काढा. हात हलला की बारीक पोत गेलाच. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला फोटो देऊ नका, त्यात फोटो दाबला जाऊन तोच तपशील पुसला जातो.

आणि भुरीच ठरली, तरी गंधक भर उन्हात मारू नका. काकडीची कोवळी पाने करपतात.