पाजताना डोकं ठणकलं तर आधी सरळ बस

अगं, मज्जारज्जूच्या (स्पायनल कॉर्डच्या) इंज्युरीनंतर दूध कमी येतंय म्हणून स्वतःला दोष देत बसू नकोस. बाळ ओढायला लागलं की मेंदूला निरोप जातो तो टी४ ते टी६ (छातीच्या मागचे मणके) च्या आसपासच्या नसांतून, तुझी इंज्युरीच टी४ ला, म्हणजे निरोप नीट पोचत नाही आणि पान्हा फुटायला वेळ लागतो. माझी टी५. मी पाजायच्या आधी डोळे मिटून पोरीचा चेहरा, तिचा वास आठवायचे, हसू नकोस, खरंच फरक पडायचा. सासूबाईंना मात्र वाटायचं सगळी कमाल त्यांच्या अळिवाच्या लाडवांची 😄

पण एक गोष्ट सिरीयसली घे. पाजताना अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर तो थकवा समजू नकोस, बीपी झपकन वाढलेलं असू शकतं. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, टी६ आणि त्याच्या वरच्या इंज्युरीत होतो. बाळ बाजूला दे, सरळ बस, घट्ट कपडे सैल कर, कॅथेटर (लघवीची नळी) दुमडलाय का बघ, आणि तरी उतरलं नाही तर सरळ हॉस्पिटल. बाळंतपणाच्या डॉक्टरांना हे माहीत असेलच असं धरू नकोस, मला स्वतः समजावून सांगावं लागलं होतं.

छातीला संवेदना कमी ना, मग चिरा पडल्या, गाठ झाली तरी दुखून कळणार नाही. रोज आरशात बघ, हाताने चाचपून बघ. स्पॅझम (स्नायूंचे झटके) उगाच वाढले तरी आधी तेच तपास. स्पॅझमचं औषध बॅक्लोफेन मनाने बंद करू नकोस हं, डॉक्टरांना विचार.