आलेले पैसे परत जातात तेव्हा

प्रश्न: पी-टू-पी मंचावर (जिथे लोक आपसातच कॉइन विकतात-घेतात) एका अनोळखी माणसाला यूएसडीटी (डॉलरशी भाव बांधलेले डिजिटल कॉइन) विकले. पैसे खात्यात आल्याचे स्वतः पाहूनच कॉइन रिलीज केले, म्हणजे खरेदीदाराला सोडले. नऊ दिवसांनी बँकेने नेमकी तेवढीच रक्कम गोठवली. फसवणुकीची तक्रार आहे म्हणतात. मी तर कोणालाच फसवलेले नाही. चुकले कुठे?

उत्तर: तुम्ही पाठवलेल्या तपशिलात ऑर्डरवर एक नाव आहे आणि बँकेच्या नोंदीत पैसे पाठवणाऱ्याचे दुसरेच. चूक तिथे झाली.

हा डाव असा चालतो. भामटा कुठेतरी लॅपटॉप स्वस्तात विकायची जाहिरात टाकतो. गिऱ्हाईक तयार झाले की लगेच तेवढ्याच रकमेची ऑर्डर तो तुमच्याकडे लावतो आणि तुमचा खाते क्रमांक आपला म्हणून त्या गिऱ्हाइकाला देतो. गिऱ्हाईक लॅपटॉपचे पैसे भरते, तुमच्याकडे अचूक रक्कम जमा होते, तुम्ही कॉइन सोडता. लॅपटॉप कधीच पोहोचत नाही. तक्रार करायला निघालेल्या गिऱ्हाइकाच्या हातात एकच नाव असते, ते तुमचे.

बँकेतली नोंद उलटवता येते, ब्लॉकचेनवरची (कॉइनच्या व्यवहारांच्या सामाईक नोंदवहीतली) पक्की झालेली नोंद कोणी उलटवत नाही. सगळी फसवणूक या फरकावर उभी आहे. यूएसडीटी काढणारी टेथर कंपनी एखाद्या पत्त्यावरचे टोकन गोठवू शकते हे खरे, पण तोवर ते बहुधा चार पत्ते पुढे गेलेले असतात.

म्हणून नाव जुळले नाही तर कॉइन सोडायचे नाहीत. ‘भावाच्या खात्यातून पाठवतोय’, ‘कंपनीचे खाते आहे’, ‘माझ्या खात्याची आजची मर्यादा संपली’ ही कारणे रोजचीच आहेत; त्यातले एखादे खरे असले तरी उत्तर नाहीच. पैसे येऊन पडलेच असतील, तर मंचावर अपील लावा (म्हणजे वाद मंचाकडे निर्णयाला द्या) आणि बँकेला लेखी कळवून ज्या खात्यातून आले तिथेच परत पाठवायला सांगा. खरेदीदाराने चॅटमध्ये दिलेल्या ‘दुसऱ्या’ खात्यावर तर मुळीच पाठवू नका. तसे केले आणि मागाहून मूळ व्यवहारही उलटला, तर तेवढीच रक्कम दोनदा जाते.

प्रश्न: नाव जुळत असेल तर निर्धास्त राहायचे का?

उत्तर: नाही. चोरलेल्या बँक खात्याबरोबर चोरलेली ओळखपत्रेही वापरली जातात. कधी बळी पडलेल्या माणसाकडूनच ‘गुंतवणुकीसाठी’ म्हणून एक्स्चेंजवर (कॉइनच्या खरेदी-विक्रीच्या मंचावर) खाते उघडून घेतात आणि ते भामटा चालवतो. तेव्हा नाव शंभर टक्के जुळते.

अशा वेळी खात्याचे वय उपयोगी पडते. ज्याचे खाते चोरीला गेले, त्याला ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत कळतेच. त्यामुळे चोरीचे खाते फार काळ टिकत नाही. बिस्क या विकेंद्रित (एका कंपनीच्या ताब्यात नसलेल्या) मंचाने हेच तत्त्व धरले आहे. जिथे पैसे उलटण्याचा धोका आहे अशा पद्धतींसाठी नव्या खात्याला अगदी लहान खरेदीचीच मुभा असते आणि खात्याची खातरजमा झाल्यावरही मर्यादा सैल व्हायला निदान ३० दिवस जावे लागतात. तुम्हीही तसेच करा: काल उघडलेल्या, एकही व्यवहार नसलेल्या खात्याला मोठी रक्कम विकू नका. पहिली ऑर्डर लहान घ्या, महिनाभर जाऊ द्या, मग वाढवा.

भावावरूनही अंदाज येतो. बाजारभावापेक्षा बराच जास्त भाव एका शब्दात मान्य करणाऱ्यापासून लांब राहा. पैसे त्याचे नसतात, म्हणून त्याला घासाघीस करायची गरज नसते.

प्रश्न: खरेदीदार ‘पेड’ चे बटण दाबतो, पावतीचा स्क्रीनशॉट पाठवतो आणि घाई करतो. वेळ संपून ऑर्डर माझ्याविरुद्ध जाईल का?

उत्तर: नाही जाणार. ‘पेड’ दाबल्यावर कॉइन एस्क्रोमध्ये, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत मंचाने रोखून धरलेल्या ठेवीत, अडकून राहतात. तुम्ही सोडल्याशिवाय किंवा अपिलात निर्णय झाल्याशिवाय ते हलत नाहीत. मात्र तुम्ही एकदा सोडले की एस्क्रो संपला, मंचाच्या हातातही काही उरत नाही. स्क्रीनशॉट दोन मिनिटांत बनतो, एसएमएसही खोटा येतो. स्वतः बँकेचे अॅप उघडा, पैसे ‘प्रलंबित’ नसून वापरता येण्याजोग्या शिलकीत आलेत ना ते पाहा, आणि पाठवणाऱ्याचे नाव वाचा.

प्रश्न: पैसे कोणत्या मार्गाने घेणे बरे?

उत्तर: ज्या मार्गाने देणाऱ्याला ‘मी दिलेच नाहीत’ असे म्हणण्याची मुदत मिळते, तो मार्ग टाळा. पेपालवर वाद मांडायला १८० दिवस मिळतात. मित्रांना पाठवायच्या पर्यायाने पैसे आले, तरी खाते चोरीचे निघाल्यास ते परत जातात. कार्डाच्या चार्जबॅकला (दिलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याला) महिनोन्‌महिने मुदत असते. युरोपातल्या सेपा डायरेक्ट डेबिटमध्ये (यात घेणारा देणाऱ्याच्या खात्यातून संमतीने थेट पैसे काढतो) ८ आठवडे कारण न देता आणि संमतीच नव्हती म्हणून १३ महिन्यांपर्यंत परतावा मागता येतो. चेकची रक्कम शिलकीत दिसली तरी चेक वटलेला असतोच असे नाही. त्या मानाने खातेदाराने स्वतः केलेली बँक ट्रान्सफर बरी, पण चोरीची तक्रार आली की तीही अडकते.

विक्रीसाठी वेगळे खाते ठेवा. गोठलेच तर निदान घरखर्च आणि कर्जाचे हप्ते चालू राहतात. आणि व्यवहाराच्या शेऱ्यात ‘उसने परत’ वगैरे खोटे लिहायला कोणाला सांगू नका. पुढे तुमचीच बाजू त्याने कमजोर होते.

प्रश्न: खाते गोठलेच आहे. आता काय?

उत्तर: आधी पुरावे उतरवून घ्या: ऑर्डर क्रमांक, पूर्ण चॅट, मंचावर दिसलेले खरेदीदाराचे नाव, खाते उतारा, कॉइन कोणत्या पत्त्यावर गेले तो ट्रान्झॅक्शन आयडी. चॅट मंचावरून नाहीशी होण्याआधी साठवा. मग बँकेला लेखी विचारा: तक्रारीचा क्रमांक काय, कोणत्या यंत्रणेने सांगितले, वादातली रक्कम किती. पूर्ण खाते बंद असेल तर फक्त तेवढी रक्कम रोखून बाकीचे मोकळे करा, असा अर्ज द्या. त्या यंत्रणेला हाच पुराव्यांचा संच पाठवा आणि पोच घ्या.

याच काळात ‘खाते सोडवून देतो’ किंवा ‘अमुक इतके भरा, मी तक्रार मागे घेतो’ असे फोन येऊ लागतात. फोनवरच्या कोणालाही पैसे देऊ नका. तडजोड करायचीच झाली तर तक्रार क्रमांकासह, तपास यंत्रणेमार्फत आणि लेखीच करा.