टर्बो गेला, हे ठरवले कोणी?

एका वाचकांचे पत्र थोडक्यात असे आहे. त्यांची टर्बो डिझेल गाडी १२ वर्षांची असून १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे. रोजचा प्रवास घर ते कार्यालय, जेमतेम सहा किलोमीटरचा. गेल्या महिन्यात महामार्गावर चढाला ट्रकला ओव्हरटेक करत असताना गाडीचा पिकअप एकाएकी गेला. पेडल पूर्ण दाबूनही काटा तीन हजारांपुढे सरकेना आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी बाजूला घेऊन बंद केली, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केली, तेव्हा ती पूर्ववत चालू लागली. त्यानंतर असे आणखी तीनदा झाले. गॅरेजच्या सांगण्यावरून त्यांनी इंजिन आतून स्वच्छ करण्याचे पॅकेज घेतले, त्यात महिन्याच्या पगाराचा दहावा हिस्सा गेला आणि फरक काहीच पडला नाही. आता गॅरेज म्हणते की टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, गेला; बदलायला दीड महिन्याचा पगार लागेल. एवढा पैसा जुन्या गाडीत घालण्याऐवजी नवी घ्यावी, असे त्यांनी जवळजवळ ठरवले आहे. हप्ता पगाराच्या ३० टक्के, मुदत सात वर्षे. सुरुवातीला भरायचे चार पगार विमा पॉलिसी सरेंडर करून (अडीच पगार) आणि मुदत ठेव मोडून (दीड पगार) उभे राहतील. त्यांचा प्रश्न एवढाच आहे, की पॉलिसी आता सरेंडर करावी, की वर्षभर थांबून?

पॉलिसीबद्दल शेवटी लिहितो. त्याआधी तुमच्याच पत्रातले एक वाक्य तुम्हाला पुन्हा वाचून दाखवायचे आहे: गाडी बंद करून सुरू केली की पूर्ववत चालते. ज्या टर्बोचा दांडा तुटला आहे किंवा ज्याची पाती झिजून कवचाला घासत आहेत, तो पाच मिनिटांच्या विश्रांतीने आणि किल्ली फिरवल्याने बरा होत नाही. तुमच्या गाडीने जे केले, त्याला लिंप मोड म्हणतात. टर्बोने किती दाब द्यावा हे इंजिनाचा संगणक क्षणोक्षणी ठरवतो आणि सेन्सरकडून प्रत्यक्ष दाब किती मिळतो आहे हे तपासत राहतो. या दोहोंतला फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला आणि काही काळ तसाच राहिला, की इंजिन वाचवण्यासाठी तो इंधन आणि दाब दोन्ही कमी करतो, दिवा लावतो आणि घडलेल्या दोषाचा कोड स्मृतीत नोंदवतो. गाडी बंद करून सुरू केली की तो पुन्हा नव्याने प्रयत्न करून पाहतो. म्हणजे तुमच्या गाडीत दोष नक्की आहे, तो कुठे आहे याचा पहिला पुरावाही गाडीतच लिहून ठेवलेला आहे, आणि तुमच्या दोन पानी पत्रात तो कोणी वाचल्याचा उल्लेख एकदाही येत नाही. मेकॅनिकने गाडी चालवून पाहिली आणि निदान सांगितले, एवढेच तुम्ही लिहिले आहे.

आता हिशेब पाहा. पगाराच्या ३० टक्के हप्ता ८४ महिने भरला, की सुमारे २५ पगार होतात. त्यात सुरुवातीचे चार मिळवले की २९. कर्जाचा दर १० टक्क्यांच्या आसपास धरला, तर यातले सुमारे सात पगार निव्वळ व्याजाचे आहेत. जवळजवळ अडीच वर्षांची सगळी कमाई तुम्ही अशा निदानावर लावायला निघाला आहात, ज्यासाठी डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये कोड वाचणारा स्कॅनर लावण्याचेही कष्ट कोणी घेतलेले नाहीत. पॉलिसी कधी मोडावी यापेक्षा ही चूक कितीतरी मोठी आहे, म्हणून आजच्या उत्तराचा बराचसा भाग मी तिच्यासाठीच वापरणार आहे.

आधी कोड वाचून घ्या. नुसता कोड पुरेसा नाही. दोष घडला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, इंजिनावरचा भार आणि तापमान किती होते याची नोंदही संगणक ठेवतो. ती नोंद पुसण्याआधी लिहून घ्या किंवा तिचा फोटो काढा, कारण कोड पुसला की ती नोंदही जाते. अनेक ठिकाणी दिवा घालवून देणे हीच दुरुस्ती मानली जाते आणि पुरावा तिथेच नष्ट होतो. कोड पी०२९९ असेल, तर मागितल्यापेक्षा कमी दाब मिळाला, एवढाच त्याचा अर्थ आहे. पी०२३४ असेल, तर दाब मर्यादेबाहेर वाढला. पी००८७ असेल, तर इंधनाच्या रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब कमी पडला आणि संशय आधी डिझेल फिल्टरवर घ्यायचा. यातल्या कोणत्याही कोडचा अर्थ ‘टर्बो बदला’ असा होत नाही.

दाब कमी मिळत असेल, तर तो बहुतेक वेळा कुठेतरी गळतो तरी आहे किंवा तयारच होऊ दिला जात नाही. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) आणि तिथून इंजिनापर्यंत जाणारे रबरी होज १२ वर्षांत कडक होतात, क्लॅम्प सैल पडतात, आणि जिथून हवा निसटते तिथे तेलकट डाग दिसतो. पेडल दाबल्यावर मागे काळा धूर येत असेल, तर ही शंका बळावते, कारण संगणकाने मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोहोचतच नाही आणि डिझेल मात्र पूर्ण जाते. नळ्यांमध्ये धूर सोडून गळती शोधण्याची चाचणी थोड्या वेळात होते. त्यानंतर व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या, टर्बोचा अॅक्चुएटर (टर्बोचा दाब कमीअधिक करणारा भाग) आणि त्याला आज्ञा देणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) पाहायचा. हातपंपाने व्हॅक्यूम दिला की अॅक्चुएटरचा दांडा न अडकता सरकला पाहिजे आणि पंप थांबवल्यावर जागेवर टिकला पाहिजे.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीचा पिकअप असाच जाऊ लागला, तेव्हा एका गॅरेजने मलाही टर्बोचाच खर्च लिहून दिला होता. दुसऱ्या मिस्त्रींनी बॅटरीमागची एक काळी नळी सोडवून माझ्या हातात दिली. सरळ धरली तर ती अखंड दिसत होती. अंगठ्याने वाकवली, तेव्हा नखाएवढी चीर उघडली. इंजिन तापले की रबर मऊ होऊन ती चीर उघडत होती आणि थंड झाल्यावर मिटत होती. वीतभर नळी बदलली आणि तो टर्बो त्यानंतर अनेक वर्षे चालला.

तुमच्या बाबतीत मात्र माझा अंदाज वेगळा आहे. रोजचे सहा किलोमीटर, म्हणजे इंजिन पुरते तापण्याआधीच प्रवास संपतो. अशा वापरात काजळी साचते: ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेत), धुराचा फिल्टर असल्यास त्याच्यात, आणि टर्बोच्या आत धुराचा झोत कमीअधिक करणाऱ्या हलत्या पात्यांवरही. पाती अडकली, की पूर्ण ताकद मागताच दाब मर्यादेबाहेर जातो आणि संगणक हात आखडतो. चढाला, पूर्ण पेडलवर, ओव्हरटेकच्या वेळी पिकअप जाणे आणि किल्ली फिरवताच परत येणे, ही लक्षणे या दोषाशी चांगली जुळतात. खात्री करायची असेल, तर स्कॅनर जोडून कोणाला तरी शेजारी बसवा आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे १,५०० फेऱ्यांपासून पूर्ण पेडलवर ओढून पाहा. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब या दोन रेषा पडद्यावर शेजारी दिसतात. मिळालेली रेषा सतत खाली राहिली तर गळती शोधायची, मागितलेल्या रेषेच्या वर उसळली तर पाती किंवा त्यांचे नियंत्रण पाहायचे. पाती अडकली असतील, तर टर्बो उतरवून ती साफ करता येतात; ते काम स्वस्त नाही, पण नव्या टर्बोच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही.

सफाईच्या पॅकेजबद्दल मला स्पष्टच लिहिले पाहिजे. निदान न करता विकलेली दुरुस्ती आणि गरज न विचारता विकलेली पॉलिसी यांत मला काही फरक दिसत नाही. दोन्हींत विकणाऱ्याला त्याचा वाटा मिळतो आणि दोष जिथे होता तिथेच राहतो.

तुमच्या पत्रातली आणखी एक ओळ मला खटकली. गाडी कमी चालते म्हणून दोन वर्षे इंजिन ऑइल बदललेले नाही, असे तुम्ही बचतीच्या सुरात लिहिले आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. छोट्या प्रवासांत तेल उलट लवकर खराब होते, कारण त्यात मिसळलेले इंधन आणि ओलावा उडून जाण्याइतके ते तापतच नाही. तपासणीअंती टर्बो खरोखरच गेलेला निघाला, म्हणजे दांडा पुढे-मागे हलतो आहे, पाती घासली आहेत, निळा धूर येतो आहे किंवा भोंग्यासारखा आवाज येतो आहे, तर तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. तेल पुरवणारी नळी गाळाने अडलेली असेल, तर नवा टर्बोही त्याच वाटेने जाईल आणि दीड पगार दुसऱ्यांदा द्यावा लागेल. ती नळी, तेल आणि फिल्टर बदलणे, इंटरकूलरमध्ये साचलेले तेल काढणे, हे सगळे त्याच बिलात लेखी मागा.

समजा सगळ्यात वाईट निष्कर्ष निघाला आणि टर्बो बदलावाच लागला. दीड पगार तो, आणि पुढची चार वर्षे दरवर्षी एक पगार इतर दुरुस्तीला, असे सढळ हाताने धरले तरी साडेपाच पगार होतात. नव्या गाडीचा ३० टक्के हप्ता देण्याची तुमची तयारी आहेच, तर तोच पैसा दरमहा बाजूला काढा: ४८ महिन्यांत १४ पगारांहून थोडे अधिक. दुरुस्ती वजा जाता जवळजवळ नऊ पगार हाती राहतात, व्याज वेगळे, आणि त्या दिवशी नवी गाडी घेतलीत तरी कर्ज बरेच कमी लागेल. गाडीची चासी गंजली असेल किंवा इंजिनाचे कॉम्प्रेशनच (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याची ताकद) गेले असेल, तर हा हिशेब बदलतो. तेही त्याच तपासणीत पाहून घ्या.

आता पॉलिसी. वर्षाला एक पगार हप्ता आणि विमाछत्र दहा पगारांचे. तुम्ही घरातले एकटे कमावते आहात. तुमच्या माघारी हे पैसे दहा महिने पुरतील. विमा आणि बचत एकत्र म्हणून जे तुम्हाला विकले गेले, त्यात विमा अपुरा आहे. त्यामुळे ती बंद करण्याचा विचार योग्य आहे, पण गाडीसाठी नव्हे. आधी पुरेशा रकमेचा साधा मुदत विमा मंजूर होऊन हाती येऊ द्या, मग सरेंडर मूल्य आणि हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप ठेवल्यावर मिळणारी रक्कम, दोन्ही लेखी मागवून तुलना करा. एक वर्ष थांबून परतावा वाढेल या आशेवर आणखी एक पगार भरू नका. दीड पगाराची मुदत ठेव ही तुमची एकमेव गंगाजळी आहे. टर्बो बदलावाच लागला, तर तिला हात लावण्याआधी काही महिने गाडी उभी ठेवून तो खर्च दरमहाच्या बचतीतून भागवता येतो का ते पाहा. सहा किलोमीटरचा प्रवास दुसऱ्या साधनाने होतो.

तोवर गाडी महामार्गावर नेऊ नका आणि ओव्हरटेक तर अजिबात करू नका. पिकअप गेला त्या वेळी समोरून वाहन आले नाही, हे तुमचे नशीब होते. विकण्यासाठी सुटे भाग ठेवत नाही आणि फक्त निदानाचे पैसे घेतो, असा मिस्त्री शोधा, त्याचे पैसे आनंदाने द्या, आणि कोड, त्या क्षणाची नोंद आणि दोन रेषांचा फोटो मला पाठवा. कर्जाच्या अर्जावर सही करायची की नाही, हे आपण त्यानंतर पाहू.