बॅटरी नवी टाकली तरी काउंट शून्य का होतो?

प्रश्न: सर नमस्कार, मी कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडं हळद पावडरच्या पाऊच पॅकिंग मशीनवर मित्सुबिशीचा एफएक्स३यू पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आहे. लाइट गेली किंवा सुट्टीला मेन स्विच पाडला की एकूण काउंट शून्य होतो आणि पाऊचची लांबी परत भरावी लागते, प्रोग्रॅम मात्र जसाच्या तसा असतो. बॅटरी नवीन टाकून बघितली, फरक नाही. काउंट डी१०० या रजिस्टरमध्ये (पीएलसीतली आकडा ठेवायची जागा) आहे आणि लांबी डी११० मध्ये. पीएलसी बदलावा लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: नाही हो, पीएलसी चांगलाय आणि बॅटरीपण चांगलीय. एफएक्स३यू ला मेमरी कॅसेट (वेगळी लावायची मेमरी) लावलेली नसेल तर प्रोग्रॅम आतल्या रॅममध्येच असतो आणि ती रॅम बॅटरीवर टिकते, म्हणजे बॅटरी गेली असती तर प्रोग्रॅमपण उडाला असता.

घोळ अॅड्रेसचा आहे. कंपनी सेटिंगला डी० ते डी१९९ हे साधे रजिस्टर, सप्लाय गेला की शून्य, नुसता रनवरून स्टॉपला नेला तरी शून्य. डी२०० पासून पुढचे लॅच्ड, ते टिकतात. तसंच रिले (प्रोग्रॅममधले ऑन-ऑफ बिट) एम५०० पासून पुढं आणि साधे काउंटर सी१०० ते सी१९९. तुमच्या डी१०० ला बॅटरीचा आधारच नाही, मग ती कितीही नवी असू दे.

तेव्हा काउंट डी६०० ला आणि लांबी डी६१० ला न्या (डी५१२ च्या पुढचं लॅच पॅरामीटरमधूनही कुणी काढू शकत नाही, म्हणून तिथंच न्या), पण आधी क्रॉस रेफरन्समध्ये (कुठला अॅड्रेस प्रोग्रॅममध्ये कुठं वापरलाय त्या यादीत) ते रिकामे आहेत का बघा, काउंट ३२ बिटचा असेल तर त्याला डी६०१ पण लागतो, आणि एचएमआयच्या (ऑपरेटर आकडे भरतो त्या पॅनेलच्या) स्क्रीनवरचा अॅड्रेसही बदला, तो बदलायचा राहतो आणि मग लोक परत पीएलसीला शिव्या देतात. अजून एक, एम८००२ शोधा. हा रिले रनच्या पहिल्या स्कॅनलाच (प्रोग्रॅमच्या पहिल्या फेरीलाच) ऑन असतो आणि पुष्कळ जण त्यावर रजिस्टरमध्ये शून्य मूव्ह करून ठेवतात. तसं असेल तर लॅच करूनही काउंट शून्यच होणार.

आता टिकतंय म्हणून सगळंच लॅच्डमध्ये टाकू नका, हे मी कळकळीनं सांगतोय. ‘मशीन चालू’ वाला रिले एम५०० च्या पुढं नेलात तर लाइट आल्या आल्या मशीन आपोआप सुरू होऊ शकते, आणि त्यावेळी सीलिंग जॉमध्ये (पाऊच चिकटवणाऱ्या जबड्यात) अडकलेला पाऊच काढायला कुणाचा तरी हात आत असतो. काउंट, लांबी, टेंपरेचरचं सेटिंग एवढंच टिकवा. चालू करायला माणसानं बटण दाबलंच पाहिजे.

दुसरीकडं सिमेन्सचा एस७-१२०० असेल तर तिथं प्रोग्रॅमला बॅटरी लागतच नाही, पण डेटा टिकवायला डीबीमध्ये (डेटा ब्लॉकमध्ये) रिटेनची टिक करावी लागते, ती राहिली की हीच तक्रार.

काही बदलायच्या आधी प्रोग्रॅम आणि रजिस्टरचा डेटा दोन्ही लॅपटॉपवर वाचून घ्या. पासवर्ड असेल तर मशीनवाल्याकडं मागा, विकत घेतलेल्या मशीनचा बॅकअप तुमच्याकडं असायलाच पाहिजे. बदल झाल्यावर थोडे पाऊच काढा, मेन स्विच पाडा, परत सप्लाय द्या, आणि काउंट बघायच्या आधी मशीन आपोआप हलत नाही ना ते लांब उभं राहून बघा.