जुन्या स्वेटरला कात्री लावण्याआधी

आधी आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर लोकर. वितळून कडक मणी झाला, तर अ‍ॅक्रिलिक. सगळं यावरच ठरतं.

लोकर कढत साबणाच्या पाण्यात चोळली की आटून घट्ट होते, मग कापली तरी उसवत नाही. पिशवी, टोपी त्याचीच करा. अ‍ॅक्रिलिक आटत नाही. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी झिगझॅग टीप मारा, मगच कात्री. सुई बॉलपॉइंटच (गोलसर टोकाची) हवी, साधी सुई धागा तोडते आणि टाके सुटत जातात. शिवताना कापड ओढलं की काठ लाटेसारखा होतो.

परभणीच्या थंडीत पहाटे गाडीवर जायला बाह्यांचे बिनबोटी हातमोजे फार कामाचे. मनगटाची रिब (ताणली जाणारी उभ्या रेघांची पट्टी) तशीच ठेवा, अंगठ्यासाठी शिवण ४ सेंटीमीटर उसवा आणि दोन्ही टोकं पक्की करा.