खोडायचं नाही, रेघ मारायची

प्रश्न : ताई, मी एका परदेशी विद्यापीठाच्या अभ्यासासाठी पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या वस्त्यांमध्ये घरोघरी जाऊन टॅबवर प्रश्नावली भरून घेते. दिवसाला आठ घरांचं टार्गेट असतं. संमतीपत्र चार पानांचं आहे. ते वाचत बसलं तर आठ घरं होत नाहीत, म्हणून आधी सही घेते. गेल्या आठवड्यात सुपरवायझर म्हणाले, एका गल्लीतली २१ घरं ‘बरोबर येत नाहीत’, ती काढून टाक. अजून काढलेली नाहीत. काय करू?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : काढू नकोस. सुपरवायझरांना आजच ईमेल कर आणि दोनच गोष्टी विचार : ही घरं कोणत्या नियमानं वगळायची, आणि तो नियम आकडे बघण्याआधी ठरला होता की नंतर? मुलाखत अर्धवट राहिली, चुकीच्या पत्त्यावर झाली, अशी कारणं असू शकतात. तसं असेल तर अहवालात ‘२१ घरं अमुक कारणानं वगळली’ असं छापून यायला हवं. पण निष्कर्षाला अडचण होते म्हणून घरं गाळणं ही लबाडी आहे, मग ती कितीही मोठ्या विद्यापीठाच्या नावानं होवो. उत्तर गोलमोल आलं तर प्रकल्पप्रमुखांना लिही. माहितीची कॉपी मात्र स्वतःच्या मोबाइलवर घेऊ नकोस. त्यात लोकांची नावं, पत्ते आहेत.

मी सत्तावीस वर्षं प्रश्नावल्या घेऊन हिंडले, त्यातली बरीच मुळशी खोऱ्यात. एकदा ‘जमीन किती?’ या प्रश्नाला ज्यांनी उत्तर दिलं नाही, त्यांच्यापुढे मी ९९ टाकलं. आमचा संकेतच तो होता. बेरीज करताना तो आकडा वगळायचा राहिला आणि दीड-दोन एकरवाल्या गावाची सरासरी भलतीच फुगली. चूक सापडली कशी? मूळ कागदांचे गठ्ठे कपाटात बांधून ठेवलेले होते आणि नवीन आलेल्या एका मुलीनं ते सोडून एकेक फॉर्म ताडून पाहिला. ते कागद रद्दीत गेले असते तर माझी चूक अहवालातच राहिली असती, आणि त्या गावाला कुणी गरीब मानलं नसतं. ती मुलगी फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आली तो क्षण मला अजून आठवतो. मी तिची कायमची ऋणी आहे.

मोठ्यांच्याही हातून हे होतं. केनियातल्या बुसिया भागात ७५ शाळांमधल्या मुलांना जंताच्या गोळ्या देण्याचा जो प्रयोग झाला, त्याचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा दाखला जगभर दिला गेला. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर हे त्याचे लेखक. त्यांनी आकडे आणि संगणकावर लिहिलेल्या आज्ञा दुसऱ्या गटाला तपासायला दिल्या. २०१५ साली ती फेरतपासणी छापून आली आणि आसपासच्या शाळा मोजताना झालेली चूक उघड झाली. गोळ्या दिलेल्या शाळांतली हजेरी सुधारल्याचा निष्कर्ष दुरुस्तीनंतरही टिकला. फायदा लांबच्या शाळांपर्यंत पोचतो हा दावा मात्र ढिला पडला. त्यावर संशोधकांत कडाक्याचा वाद झाला, पण दोन्ही बाजूंच्या हातात तेच आकडे होते. आपल्या अंगणवाडीत १० फेब्रुवारीला मुलांना जंताची गोळी, अल्बेंडाझोल, देतात ना? अशा अभ्यासांवर एवढं अवलंबून असतं, म्हणून ते उघडे हवेत.

आता पुष्कळ संशोधक काय मोजणार आणि कसं मोजणार हे आधीच नोंदवून ठेवतात. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशननं २०१३ पासून अशा प्रयोगांसाठी नोंदणीची सोय केली आहे. तुमच्या प्रकल्पाची तशी नोंद आहे का, तेही विचार. बचत गटाच्या वहीत आकडा चुकला तर आपण व्हाइटनर लावत नाही. रेघ मारतो, शेजारी बरोबर आकडा लिहितो आणि अध्यक्ष-सचिव सही करतात. जुना आकडा रेघेखालून वाचता येतो. मला एवढंच हवंय.

संमतीपत्राचं मात्र तुझंच चुकतंय, आणि ते तुला कळतंय म्हणूनच तू लिहिलंस. टॅब घेऊन कुणी दारात आलं की तुमच्या वस्तीतली बाई काय विचारते? ‘एसआरएचं (झोपडपट्टी पुनर्वसनाचं) आहे का? घर मिळणार का?’ घराच्या आशेनं ती नवऱ्याच्या दारूपासून उसनवारीपर्यंत सगळं सांगते, तेही बऱ्याचदा सासू शेजारी बसलेली असताना. तिची सही कागदावर असते, होकार नसतो. चार पानं वाचू नकोस, तोंडी सांग : ‘हे सरकारचं काम नाही. यातून घर, रेशन काही मिळणार नाही, बंदही होणार नाही. पाऊण तास लागेल. नको वाटलं तर मध्येच थांबा. तुमचं नाव उत्तरांपासून वेगळं ठेवणार.’ दोन मिनिटांत होतं. सासूला जरा बाहेर बसायची विनंती कर. पत्राची एक प्रत त्या बाईकडे राहू दे. आरोग्याच्या संशोधनासाठी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार तिला मिळणाऱ्या माहितीपत्रकावर नैतिकता समितीचा संपर्क हवा. तुमच्या कागदावर तो आहे का, आज बघ. आणि आठ घरं होत नसतील तर टार्गेट कमी करा, असं लेखी कळव.

ज्यांनी न ऐकता सही केली, त्यांच्याकडे परत जा. कुणी ‘आता नको’ म्हणाली तर तिची उत्तरं काढायला सांग आणि वहीत लिही : एक घर, स्वतःच्या इच्छेनं माघार, तारीख.